केमिकलनं गेला

दसरा तोंडावर आला होता आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या जीन्सच्या कारखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिथला माल अंबरनाथच्या या डोंगराकडच्या वस्तीत घरोघर पोचत होता. चांगुणाच्या मागच्या खोलीत तर गठ्ठ्यावर गठ्ठा चढून खिडकी निम्मी झाकली गेली होती. शिवून आलेली पँट घ्यायची, उलटी करायची, शिवणीला लोंबणारे धागे कटरनं कापायचे, झटकायची, सुलटी करायची, घडी घालायची. पुन्हा दुसरी घ्यायची. झटकली की निळी भुकटी उडायची. ती नाकात जायची, भाताच्या पातेल्यावर बसायची, नखांच्या कडेला रुतायची. वर्षाचे बारा महिने चांगुणाची बोटं निळी असत. लग्नकार्यात कुणी ओटीचा नारळ द्यायला आलं की ती हात पदराखालूनच पुढे करायची.

त्या दुपारी ती अशीच मांडी घालून बसली होती. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. तिनं गठ्ठ्यातली वरची पँट ओढली, उलटी करायला पायात हात घातला, आणि थबकली.

विडीचा वास आला.

तिनं पँट नाकाशी नेली. शंकाच नको. बारीक, कडवट, किंचित गोडूस, जळक्या पानाचा वास. हाच वास वीस वर्षं तिच्या उशीला होता. मार्चमध्ये तिचा नवरा भगवान गेला. त्याचे शर्ट वाटून टाकले, गोधडी डोंगरापलीकडच्या ओढ्यात धुऊन आणली, भिंतीला चुना मारला, तेव्हा कुठे तो वास घरातून निघाला होता.

"चांगुणा," बाहेरच्या खोलीतून सासूनं, जनाबाईनं हाक मारली. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला होता. भिंतीला टेकून ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची. "भगवान जेवला का गं?"

चांगुणाच्या हातातला कटर खाली पडला.

"आई, काय बोलता?"

"मंग कोन वढतंय? मघाधरनं वास येतोय."

"शेजारी असंल कुणीतरी."

"शेजारी नाय. त्याचीच हाय," जनाबाई म्हणाली आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसली.

या घरात भूतखेत कुणी मानत नव्हतं. जनाबाईच्या सासऱ्यानं छपन्न सालानंतर गावच्या घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते. तेव्हापासून लिंबू नाही, अंगारा नाही, अंगात येणं नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, एवढंच. चांगुणा स्वतः वस्तीतल्या बायांना सांगायची, मेलेला माणूस मेला, तो कशाला येतोय परत. आणि आता ती निळ्या पँटींच्या ढिगासमोर बसून आपल्याच पाठीमागे बघायला भीत होती. हे सांगायचं कुणाला?

शेजारच्या सुंदराबाईला तर नाहीच. दुसऱ्या दिवशी चांगुणा तिच्याबरोबरच माल घेऊन शेअर रिक्षानं कॅम्पात गेली. कारखान्याच्या दारात दहा-बारा बाया आपापले गठ्ठे घेऊन उकिडव्या बसल्या होत्या. माल तपासणारा गुरुदत्त एकेक पँट उलगडून बघत होता. चांगुणाच्या गठ्ठ्याशी आल्यावर त्यानं नाक उडवलं, दुसरी उलगडली, तिसरी उलगडली आणि आत बघून हाक मारली, "सेठ, जरा इकडे या."

धर्मेशसेठ चहाचा कप घेऊनच बाहेर आला. तरणाबांड होता. बापाचा धंदा नुकताच हातात घेतलेला. त्यानं पँट नाकाला लावली आणि चांगुणापुढे धरली.

"बाई, सूंघो."

"काय झालं सेठ?"

"सूंघो तो."

सगळ्या बाया बघत होत्या. चांगुणानं वास घेतला.

"बिडी का बास है ना? ये माल दुकान में लगेगा तो गिऱ्हाईक मेरे को जूता मारेगा. घर में कौन पीता है?"

"कुणी नाय सेठ."

"झूठ मत बोलो. तेरा आदमी पीता होगा माल पे बैठ के. उसको बोलो, बाहर जा के पिये."

सुंदराबाई मधेच बोलली, "सेठ, तिचा माणूस वारला. मार्चमधी. रंगाच्या कंपनीत होता ना, केमिकलनं गेला बिचारा."

धर्मेशसेठनं कप दुसऱ्या हातात घेतला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तो फिर कौन पीता है?"

याचं उत्तर चांगुणाजवळ असतं तर ती कालची रात्र जागी कशाला राहिली असती!

दोन गठ्ठे परत मिळाले. उघड्यावर वारा लावून, वास घालवून आणा, नाहीतर सणाला दुसरी बाई बघतो, असं सेठनं बजावलं. ती गठ्ठे घेऊन रिक्षात बसली तर शेजारच्या पोरीनं ओढणी नाकाला लावली. घरापर्यंत चांगुणा गठ्ठा मांडीवर घट्ट धरून, मान खाली घालून बसली. आपणच कुठेतरी काही चोरून आणलंय आणि सगळ्यांना त्याचा वास येतोय असं तिला वाटत होतं.

'केमिकलनं गेला.' सुंदराबाईनं किती सहज म्हटलं. वस्तीत सगळे असंच म्हणत. शोकसभेत समाजमंदिराच्या ओट्यावर उभं राहून एका कार्यकर्त्यानं तेच सांगितलं होतं, कामगाराचा बळी गेला म्हणून. आणि ते खोटं वाटावं असं काही नव्हतंही. भगवान कंपनीतून यायचा तेव्हा त्याची थुंकी कधी पिवळी असायची, कधी तांबडी. ज्या रंगाची पिंपं भरली त्या रंगाची. पण कंपनीत जायच्या आधी विडी, तिथे गेटबाहेर विडी, घरी मोरीत विडी, आणि झोपताना कानावर ठेवलेली एक, पहाटेसाठी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं चांगुणाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "रंगाचा त्रास झाला असेल, नाही म्हणत नाही. पण ही फुप्फुसं विडीनं खाल्लीत." माणूस गेल्यावर भेटायला आलेली पहिली बाई सुंदराबाई. तिनं विचारलं, काय झालं गं असं अचानक? आणि चांगुणाच्या तोंडून निघून गेलं, केमिकल. मग ते वस्तीभर झालं. मग ते खरं झालं.

तिनं घराबाहेर दोऱ्या बांधून पँटी वाळत घातल्या. वाऱ्यावर त्यांचे पाय हलत राहिले. तिला तिकडे बघवेना.

संध्याकाळी आकाश कामावरून आला. आकाश तिचा थोरला, एकोणीस वर्षांचा. स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. तो चप्पल काढतो न काढतो तोच चांगुणानं त्याच्या शर्टाला धरलं.

"तू वढतोस ना?"

"काय?"

"विडी. मालावर बसून. बापाची तऱ्हा बघितली तरी..."

"मम्मी, डोकं फिरलंय का तुझं? मी घरात असतो कुठे दिवसभर?"

तिनं त्याच्या थोबाडीत दिली. दार सताड उघडं होतं, समोरच्या ओट्यावर माणसं बसलेली. आकाशचे कान लाल झाले. बापाएवढा उंच पोरगा, तिच्यावर हात उगारला असता तर तिनं काय केलं असतं? त्यानं तसं केलं नाही. तो वाकला, तिच्या तोंडासमोर आपलं तोंड नेलं आणि आ केला.

"घे वास."

वडापावाचा, लसणीच्या चटणीचा वास आला. दुसरा कसला नाही.

"झालं समाधान?" त्यानं चप्पल परत पायात सरकवली. "मी नाही. घरात अजून कोण असतं ते बघ जरा."

तो निघून गेला. चांगुणा त्याच्या बोलण्याचा अर्थ लावत राहिली. घरात असतं कोण? आंधळी म्हातारी, आणि पायल. पायल सोळा वर्षांची, अकरावीला, सकाळचं कॉलेज करून दुपारी घरी येणारी. दहावीला वस्तीत पहिली आलेली पोर. बाप गेला त्या दिवशी भूमितीचा पेपर देऊन आली आणि रडलीसुद्धा नाही. ती कशाला? चांगुणाचं मन तिकडे गेलंच नाही. तिला आकाशच्या बोलण्यात भगवानच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी वारा लावलेला माल घेऊन ती परत कॅम्पात गेली. गुरुदत्तनं तोंड वाकडं करत का होईना, तो घेतला. नवा गठ्ठा मिळायला तीन-चार तास थांबावं लागेल म्हणाला, शिलाई मागे पडलीय. एरवी ती तिथेच सावलीला बसली असती. पण तिचं चित्त लागेना. ती रिकाम्या हातानं परत निघाली. वस्तीत शिरली तेव्हा दुपार ऐन भरात होती, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

दार लोटलेलं होतं. ती आत आली तर जनाबाई भिंतीला टेकून ताठ बसली होती, चेहरा उजळलेला. पावलांच्या आवाजावरून तिनं सून ओळखली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"गप," म्हातारी कुजबुजली. "आत बसलाय."

मागच्या खोलीचा पडदा हलत होता. पडद्याखालून धूर जमिनीलगत बाहेर येत होता.

चांगुणानं दाराची चौकट धरली. पळून जावं असं वाटलं, आणि आत जावं असंही वाटलं. एकदाच त्याला बघावं, पायावर डोकं ठेवावं, सांगावं की मला दुसरं काही सुचलं नाही रे. आत कुणीतरी खोकलं. आणि मग कुणीतरी हसलं.

पोरीचं हसू होतं.

"हळू अक्षय, आजी उठेल," पायलचा आवाज आला.

"अरे कितनी कडक है ये," पोरगा अजून खोकतच होता. तो गल्लीच्या टोकाचा अक्षय. "डोकं फिरलं. सिगारेट बरी याच्यापेक्षा."

"उलट," तिसरा आवाज. बदलापूरहून कॉलेजला येणारी राजसी. बाप कुठल्याशा कंपनीत ऑफिसर. एकदा घरी चहा पिऊन गेली होती, मोठी गोड पोरगी. "विडी नॅचरल असते. पानच आहे ना नुसतं. सिगारेटच्या कागदात केमिकल असतं. मी रीलमध्ये बघितलंय."

"पाकिटावर तो गळ्याचा फोटो असतो तो?" अक्षयनं विचारलं.

"तो सगळ्यांवर एकच माणूस छापतात, बघ नीट. माझे पप्पा रोज दोन ओढतात आणि सकाळी जिमला जातात. काही होत नाही यार. आपण काय चेन-स्मोकर आहोत? दिवसाला एक. परीक्षा झाली की सोडायची."

"पण हिचे पप्पा..." अक्षय बोलता बोलता थांबला.

"माझे पप्पा विडीनं नाही गेले," पायल म्हणाली. अगदी शांतपणे, गणितातली पायरी सांगावी तशी. "केमिकलनं गेले. सगळ्यांना माहितीय. विडी तर ते लहानपणापासून ओढायचे, काय झालं त्यांना? कंपनीत लागले आणि खलास."

चांगुणानं पडदा बाजूला केला.

तिघंही गठ्ठ्यांवर बसली होती. अक्षय आणि राजसी उडी मारून उठली. पायल तेवढी बसून राहिली. तिच्या हातात विडी होती. चिमटीत नाही, सिगारेट धरतात तशी नाही. तळहाताच्या ओंजळीत, वाऱ्यापासून झाकून, अंगठ्यानं खालून आधार देऊन. एक डोळा धुरानं बारीक झालेला. भगवान मोरीच्या उंबऱ्यावर असाच बसायचा. चांगुणाला क्षणभर पोरगी दिसलीच नाही.

"काकी, सॉरी, आम्ही..." राजसी दप्तर शोधत होती.

"जा घरी," चांगुणा म्हणाली. "दोघंबी जा."

ती गेली. पायलनं विडी जमिनीवर विझवली, उरलेलं थोटूक मुठीत घेतलं. तिला मार पडेल असं वाटत होतं. ती गाल पुढे करूनच बसली होती.

"कधीपासून?"

"जूनपासून. रोज नाही. मम्मी, तू समजतेस तसं काही नाही. कॉलेजात अर्धी पोरं ओढतात. सोळाव्या वर्षी फुप्फुस एकदम नवं असतं, सगळं भरून येतं परत."

"तुझा बापबी म्हणायचा, भरून येतं."

"पप्पांचं वेगळं होतं. पप्पा केमिकलनं गेले."

"नाय."

"तूच सांगितलंस ना. सगळ्यांना तूच..."

"खोटं सांगितलं."

पायलनं तिच्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, कडू, मोठ्या बाईसारखं. "बरं. म्हणजे आता मला घाबरवायला गोष्ट बदलायची. तेव्हा केमिकल, आता विडी. उद्या काय?"

चांगुणा खाली बसली. समोर पँटींचा ढीग होता. सवयीनं तिनं एक ओढली, उलटी केली, कटर हातात घेतला. हाताला काम असलं म्हणजे तोंड उघडेल असं तिला वाटलं असावं.

"तुझा भूमितीचा पेपर होता," ती म्हणाली. "आकाश दुकानात. तुझ्या आजीला सुंदराबाईकडं नेऊन बसवलं होतं. दवाखान्यातनं घरी आणून चार-पाच दिवस झालेले. नाकात नळी, कोपऱ्यात तो भाड्याचा सिलिंडर. बोलायला श्वास पुरायचा नाय त्याला. एकेक शब्द सुटा सुटा यायचा. त्या दुपारी त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागतोय. मी चमचा घेतला तर मान हलवली. मला वाटलं, तुमची नावं घेईल. पोरीच्या पेपराचं विचारील. म्हातारीला बोलाव म्हणंल."

कटर थांबला.

"विडी मागितली त्यानं. दुसरं काय नाय. तुझं नाव नाय, आकाशचं नाय, माझं नाय. विडी. मी नाय म्हटलं तर रडायला लागला. बाप्या माणूस, एवढाल्या पिंपांना खांदा लावलेला, माझा हात धरून लहान पोरासारखा रडला. श्वास नव्हता त्याला रडायलासुद्धा."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. पायलचं हसू कधीच गेलं होतं. ती आईच्या निळ्या बोटांकडे बघत होती. तिनं विचारलं,

"दिलीस?"

"दिली."

"आणि नळी?"

चांगुणानं हातातली पँट सुलटी केली.

"मम्मी, नळी?"

"काढली. सिलिंडर बंद केला. त्याजवळ काडी ओढायची नसती ना, दवाखान्यात सांगितलेलं. मीच काढली, मीच पेटवली, मीच ओठाला लावली. एक झुरका मारला, मग दुसरा. किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला. मग मी नळी परत लावली. चावी पूर्ण फिरवली. पण ते..." तिनं हात हवेत उचलला आणि तसाच मांडीवर पडू दिला. "तू पेपर देऊन आलीस तवा मी भांडी घासत होते. आठवतंय? तू म्हणालीस, मम्मी, भांडी कशाला घासतेस. दुसरं काय करू कळत नव्हतं मला."

पायलच्या मुठीतलं थोटूक गळून पडलं. तिच्या मांडीशी विड्यांचा अर्धा कट्टा होता, तो तसाच दोघींच्या मधे पडून राहिला. तो कुणी उचलावा आणि उचलून काय करावं, दोघींनाही सुचेना. पायलचा श्वास वर वर येऊ लागला. तिनं तोंडावर हात दाबला आणि मार्चपासून न रडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आवाज नव्हता. नुसते खांदे हलत होते. चांगुणानं तिला जवळ घेतलं नाही. आपल्या हातांनी पोरीला शिवायचा तिला धीर होत नव्हता. मग पायलच सरकली आणि तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकून पडली.

"मी वढणार नाय, असं आता म्हणू नको," चांगुणा तिच्या केसांवरून बोलली. "तोबी म्हणायचा. तुझी शपथ घेऊन म्हणायचा."

पायलनं कपाळ तिच्या गुडघ्यावर आणखी दाबलं.

पडद्यापाशी काठीचा आवाज झाला. जनाबाई भिंत चाचपत उठून आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू अगदीच काही कमी येत नव्हतं. काही शब्द पोचले असतील, काही नसतील. तिनं पडदा मुठीत धरला होता आणि सारा पडलेले डोळे खोलीत फिरवत ती कुणाला तरी शोधत होती.

"चांगुणा."

"काय आई?"

"त्या दिशी म्या सुंदराबाईकडं व्हते." म्हातारीचा आवाज चिरकला. "जाताना त्यानं... माजं नाव घेतलं व्हतं का गं?"

चांगुणानं तोंड उघडलं. आताच तर ती सगळं खरं बोलली होती. सात महिन्यांनी पहिल्यांदा. जनाबाई वाट बघत उभी राहिली.

पायल उठली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं, आजीजवळ गेली आणि तिचा पडदा धरलेला हात सोडवून आपल्या हातात घेतला.

"घेतलं आजी," ती म्हणाली. "तुझंच घेतलं."